ऑनलाइन वर्गाचा फायदा नेमका कशात, आणि तो पदरात कसा पाडून घ्यायचा

पत्र: माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेने पुढच्या सत्रापासून गणित, विज्ञान, इतिहास आणि दुसरी भाषा यांपैकी हवे ते विषय ऑनलाइन घेण्याची मुभा दिली आहे, बाकीचे शाळेत जाऊनच. मुलगी एका पायावर तयार आहे. तिचे बाबा म्हणतात, ‘ऑनलाइन म्हणजे मोबाइल घेऊन बसायचं निमित्त.’ शाळेच्या पत्रकात ‘लवचीकता’, ‘आधुनिक शिक्षण’ असे मोठे शब्द आहेत, पण नेमका फायदा काय ते कळत नाही. मुलगी लाजाळू आहे, वर्गात हात वर करत नाही, गणितात मागे पडते आहे. कुठले विषय ऑनलाइन घ्यावेत? आणि मी तिच्या शेजारी बसायचं का? – एक आई

ताई, नमस्कार.

पत्रकातले शब्द बाजूला ठेवू. थेट तासापुरतं बोलायचं तर स्क्रीन ही फळ्यापेक्षा थोडी उणीच. शिक्षकांना मुलांचे चेहरे नीट दिसत नाहीत, मुलांना शेजारच्याच्या वहीत डोकावता येत नाही, आवाज मध्येच तुटतो. तरीही आम्ही काही विषय ऑनलाइन घ्या असं सांगतो, कारण तिथे तास थांबवता येतो, मागे नेता येतो, महिन्याभराने परत उघडता येतो आणि शिक्षकांना वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून उत्तर घेता येतं. फायदा आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे. तुमच्या शाळेच्या सोयीत यातलं काहीच नसेल, म्हणजे ठरल्या वेळी शिक्षकांनी बोलायचं, मुलांनी ऐकायचं आणि तास संपला की सगळं गायब, असा प्रकार असेल, तर तिला शाळेतच पाठवा. प्रवासाचा वेळ वाचेल, पण शिकण्यात काही भर पडणार नाही.

गणितापासून सुरुवात करू. मुलगी तिथेच अडली आहे आणि ऑनलाइनचा सगळ्यात जास्त उपयोगही तिथेच होतो. या वयात मूल गणितात अख्ख्या धड्यात मागे पडतं असं सहसा होत नाही. ते एका ओळीत अडतं आणि त्यापायी पुढच्या दहा ओळी हातच्या जातात. वर्गसमीकरण घ्या: क्ष² − ६क्ष + ५ = ०, आणि ते पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचं आहे. ५ पलीकडे नेले की क्ष² − ६क्ष = −५. ६ ची निमपट ३, तिचा वर्ग ९, तो दोन्ही बाजूंना मिळवला की क्ष² − ६क्ष + ९ = ४, म्हणजेच (क्ष − ३)² = ४. इथून क्ष − ३ = ±२ आणि उत्तरं ५ व १. मुलं यात दोन जागी घसरतात. एक तर तो ९ कुठून उपटला हेच कळत नाही. नाहीतर शेवटी उणे २ सुटतो आणि ५ हे एकच उत्तर लिहून मोकळी होतात. भरलेल्या वर्गात ‘नऊ कुठून आला’ हा विचार मनात पुरा होईपर्यंत शिक्षक पुढच्या उदाहरणावर गेलेले असतात, आणि लाजाळू मूल तो प्रश्न घरी घेऊन येतं. रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ परत मिळते.

मात्र परत ऐकणं म्हणजे शिकणं नव्हे. रेकॉर्डिंग बघण्याची एक रीत आहे, ती पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडली पाहिजे. वही-पेन समोर हवं. शिक्षकांनी उदाहरण लिहिलं की व्हिडिओ थांबवायचा, पहिली पायरी स्वतः लिहायची, मग सुरू करून ताडून पाहायची. जुळली तर पुढच्या पायरीला तेच. जुळली नाही तर समासात व्हिडिओतली वेळ लिहायची, १२:४० अशी, आणि शेजारी चूक तीन-चार शब्दांत: ‘निमपट केली, वर्ग विसरले’. पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग असं बघायला अर्धा-पाऊण तास लागतो. हे बघून पालक घाबरतात, पण गृहपाठाला बसल्यावर हाच वेळ परत मिळतो. आणि परीक्षेच्या आठवड्यात त्या समासातल्या वेळा म्हणजे तयार अनुक्रमणिका असते. अख्खे तास परत बघायचे नसतात, जिथे चुकलं तेवढीच दोन-दोन मिनिटं बघायची.

रेकॉर्डिंग लांबलचक असेल तर शाळेला सांगा की धड्यातल्या मुद्द्यांप्रमाणे तुकडे करा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. चाळीस मिनिटांचा सलग तास रेकॉर्ड करून ठेवला आणि त्याला ‘साहित्य’ म्हटलं, तर तो बघितला जाण्याची आशा कमीच. सहा-आठ मिनिटांचे पाच तुकडे, प्रत्येकाला स्पष्ट नाव (‘पूर्ण वर्ग पद्धत: उदाहरण २’), हे शाळेला फारसं अवघड नाही. तेवढंही करायची तयारी नसेल तर बाकीच्या तयारीचा अंदाज तुम्हाला येईलच.

वेगाचंही सांगून टाकतो, कारण मुलं दुप्पट वेगाने बघतातच. कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांत दीडपट, अगदी दुप्पट वेगानेही समज फारशी कमी झाली नाही असं दिसलं. पण ती व्याख्यानं होती, गणिताच्या पायऱ्या नव्हेत, आणि ते विद्यार्थी वयाने मोठे होते. इतिहासाचा धडा उजळणीसाठी दीडपट वेगाने चालेल. नवीन गणित किंवा नवी भाषा ऐकताना मूळ वेगच ठेवावा, उच्चारांसाठी तर पाऊणपट.

दुसरा फायदा चाचण्यांचा. लोक याला दुय्यम मानतात, आमच्या मते तो रेकॉर्डिंगइतकाच मोठा आहे. शाळेत चाचणी होते, वह्या जमा होतात, आठ-दहा दिवसांनी गुण कळतात. तोवर मुलाला प्रश्नही आठवत नसतो. ऑनलाइन वर्गात पाच प्रश्नांची चाचणी तास संपतानाच होऊ शकते आणि चूक त्याच मिनिटाला समोर येते. त्यातही दुहेरी लाभ आहे. आठवून उत्तर देणं ही परीक्षा तर असतेच, पण अभ्यासही असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा परत वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा परत वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून तासाच्या शेवटी चाचणी, तीन-चार दिवसांनी त्याच धड्यावर आणखी एक, आणि दोन आठवड्यांनी जुन्या-नव्या प्रश्नांची सरमिसळ, असं वेळापत्रक शाळेने आखलं असेल तर सोय चांगली समजा. फक्त बघून घ्या की चाचणीत ‘चूक’ एवढंच लाल अक्षरांत येतं, की का चुकलं तेही येतं. नुसतं ‘चूक’ आलं की मुलं पर्याय बदलत बसतात, कधीतरी हिरवं होतंच.

आता लाजाळूपणा. हात वर न करणारी मुलं ऑनलाइन वर्गात खुलतात हे खरं, पण आपोआप नाही. चॅट सगळ्यांना दिसत असेल तर तिथेही तीच चार धीट मुलं लिहितात. बाकीच्यांना हसण्याची भीती इथेही असतेच. शिक्षकांना एकट्याला संदेश पाठवता येतो का, हे विचारा. बऱ्याच कार्यक्रमांत ती सोय असते, पण शाळेने बंद करून ठेवलेली असते. मतदानासारखा प्रश्न टाकला तर उत्तर कुणाचं ते मुलांना दिसू नये, शिक्षकांना दिसावं. आणि उत्तरं वेळ संपल्यावरच उघड व्हावीत, नाहीतर सगळे बहुमत बघून बटण दाबतात. हे नीट लावलेलं असेल तर शिक्षकांना एका मिनिटात कळतं की तिसाव्या मुलापर्यंत किती जणांचा ९ चुकला. शाळेतल्या फळ्यासमोर उभं राहून हे कळायला सोय नाही.

तिला तुम्ही एक सवय लावून द्या. तास सुरू होण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून तयार ठेवायचा, आणि त्या तासात तो चॅटमध्ये टाकायचाच. सुरुवातीला प्रश्न फुटकळ असेल, असू दे. ‘मला समजलं नाही’ असं लिहू नको, ‘तिसऱ्या ओळीत ९ का मिळवला’ असं लिही, हे मात्र सांगा. पहिल्यावर शिक्षक धडा पहिल्यापासून सांगतात किंवा दुर्लक्ष करतात, दुसऱ्याला उत्तर मिळतं.

वेळ वाचतो, हेही आहेच. वयात येताना मुलांचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. यात आळशीपणापेक्षा शरीराचा भाग जास्त. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. ऑनलाइन तासामुळे सकाळचा तासभर वाचत असेल आणि तो झोपेत गेला, तर सोन्याहून पिवळं. मात्र तो कशात जाणार हे आधीच ठरवा. न ठरवलेला मोकळा तास मोबाइल खातो, इथे तिच्या बाबांचं बरोबर आहे. आमचं मत: वाचलेल्या वेळेचा पहिला वाटा झोपेचा, दुसरा घराबाहेर खेळण्याचा. अभ्यासाला त्यातला एक मिनिटही देऊ नका, स्क्रीनसमोर ती आधीच पुरेशी बसलेली असेल.

कुठले विषय? गणित ऑनलाइन घ्या, कारण वर सांगितलं. दुसरी भाषा घ्या, पण बॅच लहान असेल तरच. ऐकण्याचा सराव रेकॉर्डिंगवर उत्तम होतो, बोलण्याचा मात्र तीस जणांच्या वर्गात होत नाही, कारण एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि बाकीचे म्यूट होऊन बसतात. शिक्षक दोन-तीन मुलांचे छोटे गट करून वेगळ्या खोल्यांत पाठवत असतील तर गोष्ट निराळी. इतिहासाचं काय ते तिच्या आवडीवर सोडा, दोन्हीकडे सारखंच चालतं.

विज्ञान शाळेतच ठेवा. स्क्रीनवर विज्ञान शिकताच येत नाही असं आमचं म्हणणं नाही. कार्ल वाइमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातले आभासी प्रयोग मोफत आहेत आणि काही बाबतींत खऱ्या प्रयोगापेक्षा सरस आहेत. तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन प्रयोगशाळेत कुणालाच दिसत नाहीत, तिथे दिसतात. रोध वाढवला की त्यांची गती मंदावते हे बघितलं की ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही. गणितात ‘जिओजेब्रा’ या आलेख काढून दाखवणाऱ्या अ‍ॅपचं तसंच. य = अक्ष² या आलेखात अ ची पट्टी सरकवली की परवलय अरुंद-रुंद होताना दिसतं, अ शून्यावर आणला की सरळ रेषा, आणि ऋण केला की वक्र उलटा. पण ब्युरेटची, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या नळीची, तोटी थेंबाथेंबाने सोडणं, वाचन घेताना डोळा द्रवाच्या पातळीला आणणं, परीक्षानळीचं तोंड कुणाकडे करू नये हे हाताला कळणं, हे स्क्रीनवर होत नाही. आभासी प्रयोगात वायर सैल नसते. खऱ्या प्रयोगात ती सैलच असते आणि दिवा का लागत नाही हे शोधताना निम्मं विज्ञान कळतं. म्हणून आभासी प्रयोग घरी जोडीला, प्रयोग शाळेत.

पहिल्या सत्रात दोनपेक्षा जास्त विषय घेऊ नका. गणित आणि भाषा पुरे.

सामानाचं थोडक्यात. मोबाइलवर गणिताचा तास घेऊ नका, तेवढ्या स्क्रीनवर घातांक आणि साधा अंक यांत फरक दिसत नाही. लॅपटॉप किंवा टॅबलेट हवा, निदान दहा इंचांचा. तो नसेल आणि मोबाइलवरच भागवायचं असेल तर आडवा धरून स्टँडवर ठेवा आणि मोबाइल टीव्हीला जोडता येतो का बघा. माइकवाले हेडफोन मात्र हवेतच, साधे चालतील. लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि वर्गभर घुमतो, मग शिक्षक सगळ्यांना म्यूट करतात आणि प्रश्न विचारणंच थांबतं. स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली, दिवा समोरून किंवा बाजूने, पाठीमागे खिडकी नको. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायचं, हा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात तो पाळण्याजोगा आहे. तासाच्या मधल्या चाचणीनंतर लगेच बघायची सवय लावली तर आठवणही राहते.

इंटरनेट अडकलं की मुलं तडक बाहेर पडून परत आत येतात, आणि त्यात तीन-चार मिनिटं जातात. आधी स्वतःचा व्हिडिओ बंद करायचा. घरच्या जोडणीत वर पाठवायचा वेग अनेकदा खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा कमी असतो, म्हणून तिथलं ओझं उतरलं की बरेचदा आवाज सुधारतो. तरी नाही जमलं तर समोरचे व्हिडिओ बंद करून फक्त शिक्षकांची स्क्रीन ठेवायची. शेवटचा उपाय म्हणून आवाज मोबाइलच्या डेटावर आणि फळा लॅपटॉपवर. वायफायचे दोन पट्टे (बँड) येत असतील तर राउटरच्या खोलीत पाच गिगाहर्ट्झचा वेगवान, भिंतीपलीकडे अडीचच्या आसपासचा जास्त पोचतो. शक्य असेल तर सरळ वायर लावा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. डेटा मोजून वापरायचा असेल तर रेकॉर्डिंग मध्यम दर्जावर तासाला साधारण अर्धा जीबी घेतं. मध्यम दर्जावर शिक्षकांचा चेहरा ठीक दिसतो, पण बारीक अक्षर फुटतं, तेव्हा गणिताला एक पायरी वरचा दर्जा आणि इतिहासाला खालचा.

गृहपाठ पाठवण्यात किती गुण वाया जातात याची पालकांना कल्पना नसते. पलंगावर वही ठेवून, डोक्यावरच्या दिव्याखाली, स्वतःची सावली पाडून फोटो काढला जातो. सहा पानांचे सहा वेगळे फोटो, त्यात दोन आडवे, एक हललेला. शिक्षक तो उघडून बाजूला ठेवतात आणि मग ठेवलेलाच राहतो. वही टेबलावर सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, मोबाइल पानाला समांतर धरा, पानाच्या चारही कडा चौकटीत घ्या. साध्या कॅमेऱ्याऐवजी कागद स्कॅन करायची सोय वापरा, बहुतेक मोबाइलमध्ये ती आधीच असते. सगळी पानं क्रमाने एकाच पीडीएफमध्ये, नावात विषय, धडा आणि तारीख. पेन्सिलीची फिकट आकृती फोटोत उठत नाही, तेव्हा आकृतीच्या रेषा गडद काढायला सांगा. पाठवल्यावर ती फाइल एकदा स्वतः उघडून बघायची.

आता जे हमखास बिघडतं ते. ‘रेकॉर्डिंग आहे, नंतर बघू’ हे या पद्धतीतलं सगळ्यात मोठं भगदाड. थांबवता येणं हा जसा फायदा, तसा पुढे ढकलता येणं हा त्याचाच तोटा. नियम साधा ठेवा: चुकलेला तास ४८ तासांच्या आत बघायचा. तरीही तीन-चार तास साचलेच तर ते ओळीने बघायला बसू नये, दुसऱ्या दिवशी पाच साचतात. अशा वेळी आधी त्या तासांच्या चाचण्या द्यायच्या, जे प्रश्न चुकले तेवढ्याच मुद्द्यांचे तुकडे बघायचे आणि बाकी सोडून द्यायचं. हे मुलांना चुकीचं वाटतं, काहीतरी सुटलं असं वाटत राहतं. सुटू द्या.

दुसरा धोका चॅटबॉटचा. गणिताचा फोटो टाकला की पायऱ्यांसकट उत्तर येतं आणि ते वहीत सुबक अक्षरात उतरतं. बंदी घालून हे थांबत नाही. आठवड्यातून दोनदा तिने स्वतः पाठवलेल्या गृहपाठातलं एक उदाहरण तुम्ही बोट ठेवून निवडायचं आणि तिने ते दोन मिनिटांत तोंडी सांगायचं. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. मूल अडखळतं कुठे आणि ‘असंच असतं’ कधी म्हणतं, हे न येणाऱ्यालाही कळतं.

बाबांचा आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. तासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत, फक्त आवाज बंद करून उपयोग नाही. लॅपटॉपवर शाळेसाठी वेगळं खातं उघडा, त्यात संदेशांचे आणि खेळांचे कार्यक्रम टाकूच नका, सूचना बंद ठेवा. आणि तिला हेही सांगून टाका की तास सुरू असताना दुसरी खिडकी उघडली तर तुम्हाला कळणार नाही, चाचणीत मात्र कळेल.

शेजारी बसू नका. आई शेजारी असली की लाजाळू मूल आणखी गप्प होतं, आणि काही आया न राहवून उत्तरं पुटपुटतात, ते माइकमध्ये जातं. पहिले दोन आठवडे त्याच खोलीत, तिची स्क्रीन दिसेल पण आवाज ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर आपलं काम करत बसा. नंतर दार उघडं ठेवून बाहेर. तास झाल्यावर ‘काय शिकवलं’ असं विचारलं तर ‘गणित’ असं उत्तर येईल. ‘आज कुठे थांबवलंस?’ असं विचारा आणि वहीचा समास बघा.

शाळेला होकार कळवण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. बॅचमध्ये किती मुलं, कारण पंचवीस-तिसाच्या पुढे थेट तासाचा टीव्ही होतो. रेकॉर्डिंग किती दिवसांत मिळतं आणि वार्षिक परीक्षेपर्यंत राहतं का. गृहपाठ कोण तपासतं आणि किती दिवसांत परत येतो. तीन दिवस ठीक, आठवडा झाला तर मुलाला त्यात रस उरत नाही. शंका विचारायला वेगळी ठरलेली वेळ आहे का, आणि तिथे शिकवणारेच शिक्षक असतात का. रेकॉर्डिंगमध्ये मुलांचे चेहरे, नावं आणि चॅट दिसतं का, ते कोण बघू शकतं आणि कधी पुसलं जातं. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका, मुलांचं चित्रण आहे, विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि नमुना तास दाखवतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा, गेल्या महिन्यातल्या एखाद्या साध्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागा. नमुना तास सगळ्यांचाच चांगला असतो.

सुरू करण्याआधी तिच्याकडून गणिताच्या येणाऱ्या दोन धड्यांची पायाभूत दहा उदाहरणं वेळ लावून सोडवून घ्या आणि कागद जपून ठेवा. चार आठवड्यांनी त्याच तऱ्हेची, अंक बदललेली दहा द्या. सोबत तीन गोष्टी बघा: न बघितलेली रेकॉर्डिंग किती साचली आहेत, गृहपाठ तपासून किती दिवसांत येतो आहे, आणि ती रात्री किती तास झोपते. उदाहरणं सुधारली आणि तिन्ही गोष्टी ठीक असतील तर पुढच्या सत्रात तिसऱ्या विषयाचा विचार करा. उदाहरणं तशीच राहिली पण गृहपाठ उशिरा येत असेल तर दोष शाळेचा आहे, आधी तिथे बोला. रेकॉर्डिंग साचली असतील आणि झोपही घटली असेल तर विषय परत वर्गात न्या. सत्राच्या मध्येच असं परत येता येतं का आणि कुठल्या तारखेपर्यंत, हेही त्याच लेखी प्रश्नांत विचारून ठेवा.